शिंकोटीगची तट्टं आणि शिंगरांचा लिलाव: चालू राहावा का?

खारेवारे

जुलैच्या शेवटच्या बुधवारी पहाटेपासून आम्ही अमेरिकेतल्या शिंकोटीग गावाजवळ घोटाभर चिखलात उभे होतो. लेक नऊ वर्षांची. उचलून घ्यायचं वय राहिलं नाही, तरी तिच्या बाबाने तिला खांद्यावर घेतलं होतं. समोर अरुंदशी खाडी, पलीकडे असाटीग बेट. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी काही वेळ थांबतं, त्याचीच सगळे वाट बघत होते. लाल इशारा झाला, घोडेस्वारांनी आरोळ्या दिल्या आणि तट्टं पाण्यात उतरली. पाच-सात मिनिटांत अलीकडे. पाण्यावर नुसत्या माना दिसत होत्या आणि आईच्या बगलेला चिकटलेलं शिंगराचं नाकाड. इतकं देखणं काही मी फार थोड्या वेळा पाहिलंय. हे आधीच सांगते, म्हणजे मी दोष काढायलाच गेले होते असं कुणाला वाटायला नको.

दुसऱ्या दिवशी गावात लिलाव होता. शिंगरं एकेक करून पुढे आणली जातात, बोली लागते, काही हजार डॉलरला एक जातं. कुणी मारझोड केली नाही, कुणी ओढाताण केली नाही, उलट फार सांभाळून आणत होते. पण कुंपणाच्या आत एक तांबडी घोडी होती, मागचे दोन्ही पाय पांढरे. तिचं शिंगरू विकलं गेलं आणि ती खिंकाळायला लागली. आम्ही दुपारी जेवून परत आलो तरी खिंकाळतच होती. शुक्रवारी मोठी जनावरं पुन्हा पोहत बेटावर परत जातात. ती गेली तेव्हा बगलेला कुणी नव्हतं. लेक गाडीत बसल्यावर म्हणाली, "तिला कुणी सांगितलं का?" मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. असाटीग हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर पसरलेलं वाळूचं बेट, लांबी साठ किलोमीटरच्या आसपास. वरचा भाग मेरीलँड राज्यात, खालचा व्हर्जिनियात. बेटावर शेकडो वर्षं मोकळे राहणारे बुटके घोडे आहेत. उंची सव्वाचार-साडेचार फूट, पोट सुटल्यासारखं. ते पोट चरबीचं नव्हे. खाऱ्या पाणथळीतलं राठ गवत हेच त्यांचं मुख्य खाणं, आणि त्यातल्या मिठामुळे ते साध्या घोड्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पितात. राज्यांच्या सीमेवर बेटाला आडवं कुंपण घातलंय. वरचा कळप राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. खालचा कळप शिंकोटीग गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा, आणि तो सरकारी वन्यजीव आश्रयस्थानात परवान्यावर चरतो. परवाना जास्तीत जास्त १५० मोठ्या तट्टांचा. म्हणून दर वर्षी शिंगरं विकावी लागतात.

माझा मुद्दा इथेच आहे. संख्या आवरायला शिंगरं विकणं हा एकच मार्ग नाही, आणि त्याचा पुरावा त्याच बेटावर, कुंपणाच्या वरच्या अंगाला चरतोय. मेरीलँडच्या घोड्यांना १९९४पासून गर्भ राहू नये म्हणून लस दिली गेली. डुकराच्या बीजांडाभोवतीच्या आवरणातलं प्रथिन त्या लशीत असतं. लांबून बंदुकीने सुई मारतात, घोडीला हातही लावत नाहीत. तिथे उद्दिष्ट ८० ते १०० घोड्यांचं आहे. कळप एकेकाळी पावणेदोनशेच्या घरात होता, तो खाली आला. ना पकडापकडी, ना लिलाव, ना आईपासून ताटातूट. मग खालच्या अंगाला हेच का नको? परंपरा म्हणून पोहणं ठेवा हवं तर, पण लिलाव थांबवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नॉरफोककर

ताई, तुमचा अनुभव खरा आहे, त्यावर वाद नाही. घोडी खिंकाळते. पण त्या खिंकाळण्यावरून जो निष्कर्ष काढलात तो मला अजिबात पटत नाही.

मी बावीस वर्षं व्हर्जिनियात राहतोय आणि शिंकोटीगला बारा-तेरा वेळा गेलोय, बहुतेक वेळा जुलै सोडून. जुलैत फक्त सोहळा दिसतो. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये अग्निशमन दलाचीच माणसं सगळा कळप घेरून आणतात. तेव्हा पशुवैद्य एकेक जनावर तपासतो, लशी देतात, जंताचं औषध देतात, खूर बघतात. २०१७-१८च्या सुमारास पाणथळीतल्या एका बुरशीसारख्या जंतूने तट्टांच्या अंगावर न भरणाऱ्या जखमा व्हायला लागल्या. तिकडे त्याला 'स्वॅम्प कॅन्सर' म्हणतात. काही तट्टं गेली. उपचार, शस्त्रक्रिया, पुढे लसीकरण, हे सगळं कुणाच्या पैशाने झालं? लिलावाच्या. गावात विसाव्या शतकाच्या विशीत मोठ्या आगी लागल्या, आग विझवायची साधनं नव्हती, म्हणून दल उभं राहिलं आणि १९२५पासून लिलावाचा पैसा दलाकडे यायला लागला. आज शंभर वर्षं झाली. हे दल पगारी नाही. आमच्या ऑफिसातल्या एकाचे वडील त्यात होते, रात्री दोनला उठून बंबावर जायचे.

आता वरच्या कळपाबद्दल. उद्यान सेवेचं धोरण हात न लावण्याचं आहे. घोडा आजारी पडला तर सर्वसाधारणपणे तो आणि निसर्ग. तुम्हाला ताटातूट दिसली कारण ती हजारो लोकांसमोर होते. वर एखादी घोडी हिवाळ्यात पाणथळीत आडवी पडते तेव्हा बघायला कुणी नसतं.

आणखी एक. १९६२च्या मार्चमध्ये मोठं वादळ झालं, बेटावरून पाणी फिरलं, कितीतरी तट्टं बुडाली. त्यानंतर कळप पुन्हा उभा करताना आधी लोकांना विकलेली काही तट्टं परत आणून सोडली. म्हणजे लिलावातून देशभर पसरलेली तट्टं ही या जातीची ठेव आहे. बेटावर सगळी जात कोंडून ठेवली आणि उद्या तसंच वादळ आलं तर? २०१९ला डोरियन वादळात उत्तर कॅरोलायनाच्या सीडर आयलंडवर २८ रानघोडे वाहून गेले. ही भीती कल्पनेतली नाही.

आणि 'बायबॅक' तुम्ही लिहिलंच नाही. दर वर्षी काही शिंगरांवर लोक बोली लावतात ती त्यांना परत बेटावर सोडण्यासाठी. घरी काही नेत नाहीत, फक्त नाव ठेवतात. पुष्कळदा सगळ्यात मोठी बोली तीच असते.

माळरान

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट गृहीत धरली आहे: घोडे त्या बेटावर असायलाच हवेत. मला तिथूनच सुरुवात करायची आहे.

हे रानटी घोडे नव्हेत. पाळीव घोड्यांचे मोकळे सुटलेले वंशज आहेत. सतराव्या शतकात वसाहतीतल्या शेतकऱ्यांनी गुरांवरचा कर आणि मुख्य भूमीवर कुंपण घालायची सक्ती चुकवायला जनावरं बेटावर सोडली, हे उद्यान सेवेचं म्हणणं मला सर्वांत पटतं. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आले ही कथा गोड आहे. पण घोडे कुठूनही आलेले असोत, ते वाळूचं बेट त्यांच्यासाठी घडलेलं नाही. पाणथळीतलं गवत चिखल धरून ठेवतं, टेकाडांवरचं गवत वाळू धरून ठेवतं. घोडा दोन्ही खातो आणि तुडवतो. त्याच पुळणीवर पाइपिंग प्लोव्हर अंडी घालतो. आपल्याकडच्या चिखल्यांच्या गोतातला हा मुठीएवढा पक्षी, अटलांटिक किनाऱ्यावर १९८६पासून धोक्यातल्या यादीत आहे. त्याच्यासाठी चिखलात उभं राहायला पन्नास हजार माणसं येत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण देतो. तमिळनाडूत कोडियाकरैच्या अभयारण्यात, समुद्राला लागून, असेच मोकाट घोडे आहेत. तेही कधीकाळी पाळीव होते. तिथे मी दोन हिवाळे पक्षी मोजायला गेलो. ते अभयारण्य काळविटांसाठी आणि पाणपक्ष्यांसाठी आहे. घोडे काळविटांच्याच गवतावर चरतात, आणि वेड्या बाभळीने आधीच गवत आटवलंय. घोडा गोड दिसतो म्हणून त्याला हात लावायचा नाही, आणि काळवीट मात्र उरलेल्यात भागवणार. मला हे चुकीचं वाटतं.

त्यामुळे लस की लिलाव हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. संख्या कमी झाली पाहिजे, दीडशेपेक्षाही बरीच कमी, मग ती कशानेही होवो.

अनुजा_के

लस टोचून शिंगरंच होऊ द्यायची नाहीत हे मला लिलावापेक्षा जास्त क्रूर वाटतं. शिंगरांशिवाय कळप कसला? घोडीला विचारलं तर ती काय निवडेल? तीन-चार महिने का होईना, आई होणं की कधीच न होणं?

खारेवारे

अनुजा, मेरीलँडच्या कळपात 'कधीच नाही' असं नाही. कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून विचार असा की प्रत्येक घोडीचा वंश पुढे जावा, म्हणून घोडीला शिंगरू होऊ देऊन मग लस चालू ठेवायची. घोडी एकेक ओळखीची आहे, तिचा वंश, तिची पिल्लं सगळं नोंदलेलं आहे. आणि एक गोष्ट अभ्यासातून पुढे आली, जी मला मोठी वाटते: लस घेतलेल्या घोड्या जास्त जगायला लागल्या. दर वर्षी गाभण राहणं आणि दूध पाजणं थांबलं तशी अंगं भरली. पूर्वी फार दिसत नव्हत्या अशा वीस ओलांडलेल्या घोड्या दिसायला लागल्या. कळप अपेक्षेपेक्षा हळू घटला तो त्यामुळेच.

नॉरफोककर, पशुवैद्याचा मुद्दा मान्य. बायबॅक मला माहीत होतं, लिहायचं राहिलं, तेही मान्य. पण पैसा चांगल्या कामाला जातो हे लिलावाचं उत्तर होत नाही. गावाला बंब हवा तर तो शिंगरांच्या जिवावर का? वाहून जाण्याच्या भीतीचंही तसंच. ठेव म्हणून काही तट्टं बाहेर असावीत हे कबूल, पण त्यासाठी दर वर्षी पन्नासहून जास्त शिंगरं विकायची गरज नाही.

माळरान, तुम्ही म्हणता ते वाचून मी गप्प झाले खरं सांगायचं तर. प्लोव्हरची घरटी राखायला पुळणीचे भाग बंद केलेले मी दर वर्षी बघते आणि कंटाळून वळसा घालते. पण साडेतीनशे वर्षं एखादं जनावर एका जागी जगलं, त्या जागेने त्याचं शरीर बदललं, तरी ते उपरंच का?

माळरान

साडेतीनशे वर्षं वाळूच्या बेटाच्या हिशेबात थोडी आहेत, आणि त्या जागेवरच्या गवताच्या हिशेबात तर फारच थोडी. शरीर बदललं हेही अर्धंच खरं आहे. शिंकोटीगचं शिंगरू लहानपणी मुख्य भूमीवर नेऊन चांगला चारा दिला तर ते आईपेक्षा उंच होतं. बुटकेपणात खाण्याचा वाटा मोठा आहे. शिवाय खालच्या कळपात रक्त बदलायला वेळोवेळी बाहेरचे घोडे सोडले गेलेत, मस्टँगसुद्धा, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडचे मोकाट घोडे. त्याला दुर्मीळ जात म्हणताना हे लक्षात असावं.

नॉरफोककर

बाहेरचं रक्त आलं हे खरं, पण मूळ पुसलं गेलं असं म्हणू नका. २०२२ला एक शोधनिबंध आला. हैतीमधल्या पुएर्तो रेआल या स्पॅनिश वसाहतीच्या उत्खननात सोळाव्या शतकातला एक दात सापडला होता. आधी तो गाईचा समजत होते, निघाला घोड्याचा. त्यातला आईकडून येणारा डीएनए आजच्या घोड्यांशी ताडून पाहिला तर सर्वांत जवळचा निघाला शिंकोटीगच्या तट्टांचा. एका दाताने जहाजाची कथा सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण स्पॅनिश घोड्यांचा धागा त्या कळपात आहे हे मानायला जागा आहे. 'ला गाल्गा' नावाचं स्पॅनिश जहाज १७५०मध्ये असाटीगजवळ फुटलं होतं, ही तर नोंदलेली घटना आहे.

हॅलिफॅक्सहून

कॅनडातला सेबल आयलंड कुणी काढला नाही म्हणून लिहितोय. हॅलिफॅक्सपासून जवळजवळ ३०० किलोमीटर आत समुद्रात वाळूची एक चंद्रकोर, तिच्यावर ५००च्या आसपास घोडे. १९६०च्या सुमारास सरकारने ते हलवून विकायचं ठरवलं होतं. शाळकरी मुलांनी पंतप्रधान डीफेनबेकर यांना पत्रं लिहिली आणि घोड्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं. २०१३मध्ये बेट राष्ट्रीय उद्यानात आलं. तिथे लस नाही, लिलाव नाही, पशुवैद्यही नाही. हिवाळा कडक गेला की बरेच घोडे मरतात, सौम्य गेला की संख्या वाढते. माणसाने हात लावायचाच नाही.

मला हेच प्रामाणिक वाटतं. इथे दोन्ही बाजू माणसाने काय करावं यावर भांडत आहेत. काहीच करू नये हा तिसरा मार्ग आहे.

नीरेकाठ

मी मेंढपाळाच्या घरातला. आजोबांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तांडा, वर्षातले आठ महिने फिरता, सगळा संसार तट्टांच्या पाठीवर: भांडीकुंडी, कोंबड्या, करडं, लहानपणी मीसुद्धा. भीमथडी घोड्यांचं नाव आता कागदोपत्री जात म्हणून लागलंय, आम्ही त्यांना नुसतं घोडं म्हणायचो. त्यामुळे या विषयावर राहवत नाही.

पहिलं, हॅलिफॅक्सवाल्या दादांना. हात न लावणं प्रामाणिक आहे असं जनावर ज्याच्या दारात मेलं नाही तोच म्हणू शकतो. माणसाने घोडा बेटावर नेला. वाट बंद केली. आता थंडीत मरतोय तर ते निसर्गाचं काम? आमच्यात जनावर आजारी पडलं की वाडा दोन दिवस हलत नसे, मग चारा संपो की काही होवो.

दुसरं, ताईंना. शिंगरू विकणं यात मला पाप वाटत नाही. आम्हीही विकली. सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन बघा, दत्तजयंतीला किती घोडी विकायला येतात. विकलं म्हणजे टाकलं असं नाही, घेणारा त्याला जपतो. पण आमची एक रीत होती. शिंगरू आपलं आपण चरायला लागल्याशिवाय, आईनेच त्याला दोन-चारदा लाथ दाखवून दूर केल्याशिवाय, ते तोडायचं नाही. पाच-सहा महिने कमीत कमी. आजोबा गिऱ्हाईकाकडून इसार घ्यायचे आणि सांगायचे, दिवाळीनंतर न्यायला या. पैसे हातात पडले म्हणून त्यांनी कधी लवकर दिलं नाही. तुमच्या त्या घोडीचं शिंगरू जुलैत किती महिन्यांचं होतं?

खारेवारे

बोलीच्या वेळी सांगितलं होतं, एप्रिलच्या शेवटी जन्मलेलं. म्हणजे तीन महिनेच झाले होते.

पशुवैद्य_फलटण

वीस वर्षं घोड्यांवर उपचार करतोय, त्यातलं जे नक्की ठाऊक आहे तेवढंच लिहितो.

शिंगराचं दूध साधारण चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान तोडतात. तीन महिन्यांचं शिंगरू चारा आणि खुराक खाऊन जगू शकतं, शरीराने. आईच्या दुधाची ताकदही तोवर कमी व्हायला लागलेली असते. त्रास होतो तो मुख्यतः मनाला. एकदम तोडलं की पहिले दोन-तीन दिवस दोघंही बेचैन: खिंकाळणं, कुंपणाला फेऱ्या, खाणं कमी. ताईंनी पाहिलं ते हेच. शिंगराबरोबर दुसरं शिंगरू असेल तर ते लवकर सावरतं. एकटंच ट्रेलरमध्ये घालून लांब नेलं तर वेळ लागतो, पोटात व्रण होण्याची भीती असते.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. घोडी विल्यानंतर आठ-दहा दिवसांत पुन्हा माजावर येते आणि अकरा महिने गाभण राहते. म्हणजे कळपात नर असेल तर बहुतेक घोड्यांच्या पोटात एक आणि थानाला एक. खाऱ्या गवतावर हे फार जड जातं. जुलैअखेर दूध तुटलं तर हिवाळ्याआधी अंग धरायला तिला तीन महिने मिळतात. ऑक्टोबरपर्यंत पाजत राहिली तर मिळत नाहीत. म्हणून लवकर तोडण्यात आईचा थोडा फायदा आहे, हे नाकारता येणार नाही.

लशीबद्दल: उत्तर कॅरोलायनाच्या शॅकलफोर्ड बँक्स बेटावरच्या मोकाट घोड्यांचा अभ्यास झालाय. लस घेतलेल्या घोड्या एका नराच्या टोळीत टिकत नाहीत, टोळ्या बदलत राहतात, असं त्यात दिसलं. कळपाची घडी थोडी विस्कटते. आयुष्य वाढतं हेही खरंच आहे. दोन्ही खरं आहे.

नॉरफोककर

डॉक्टर, फार छान लिहिलंत. नीरेकाठ, तुमच्या आजोबांची रीत वाचून एक सांगायलाच हवं, कारण ते माझ्या बाजूने आहे की विरुद्ध हे मलाच कळत नाहीये. शिंकोटीगला तशी सोय आहे. जी शिंगरं फारच लहान असतात ती जुलैत विकली तरी लगेच देत नाहीत. आईबरोबर बेटावर परत जातात आणि घेणारा ऑक्टोबरच्या राउंडअपला, म्हणजे कळप घेरून आणतात तेव्हा, येऊन नेतो. 'फॉल पिकअप' म्हणतात. अगदी कोवळ्या शिंगरांना आणि त्यांच्या आयांना तर पोहायलाही लावत नाहीत, गाडीतून आणतात.

खारेवारे

नॉरफोककर, हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्यासाठी याने चर्चाच बदलते.

म्हणजे बोली जुलैत, ताबा ऑक्टोबरमध्ये, ही पद्धत तिथे आधीपासून चालू आहे. माणसं आहेत, ऑक्टोबरचा राउंडअप आहे, घेणारेही तयार होतात. मग ती सगळ्याच शिंगरांना का लावू नये? परवाना १५० मोठ्या तट्टांचा आहे, तेव्हा शिंगरं अडीच महिने जास्त राहिली तर आकडा ओलांडला जात नाही. दलाचे पैसे कमी होत नाहीत. पोहणं राहतं, लिलाव राहतो. फक्त शुक्रवारी परत जाताना शिंगरू आईच्या बगलेला असतं. मी वर 'लिलाव थांबवा' असं लिहिलं होतं. ते मागे घेते. आता माझी मागणी एवढीच आहे, पण ती मी सोडणार नाही.

नॉरफोककर

इतकं सोपं नाही ताई. ऑगस्ट-सप्टेंबर हा वादळांचा हंगाम. पन्नास-साठ शिंगरं त्या काळात बेटावर ठेवायची म्हणजे घेणाऱ्याचं शिंगरू वाहून गेलं तर जबाबदारी कुणाची? लोक टेक्सासहून, ओहायोहून येतात, जुलैत ट्रेलर घेऊन. त्यांना वर्षातून दोन खेपा पडतील. बोली कमी होईल. आणि डॉक्टरांनी घोडीच्या अंगाचं सांगितलं ते तुम्ही सोडून दिलंत.

माळरान

आणि अडीच महिने जास्तीची चराई. परवान्यात शिंगरं मोजत नाहीत म्हणून गवतही मोजत नाही असं होत नाही. ऑगस्टमध्ये पाणथळीतलं गवत बी धरायच्या बेतात असतं. मोठी तट्टं १५०वरून १००वर आणा, मग शिंगरं ऑक्टोबरपर्यंत ठेवा. घोड्या कमी, शिंगरं कमी, प्रत्येकीला चारा जास्त. अशी तडजोड मी मान्य करेन.

नीरेकाठ

माळरान म्हणतात त्यात दम आहे. आजोबांनीही दुष्काळात घोडी कमी केली, पण शिंगरू लवकर तोडलं नाही. वादळाचं म्हणाल तर जोखीम विकणाऱ्याची. ताबा दिला नाही तोवर जनावर आपलं. इसार परत करायचा, बस.

हॅलिफॅक्सहून

नीरेकाठ, तुम्ही मला जे सुनावलंत त्यावर दोन दिवस विचार केला. सेबलवर माणसांची कायमची वस्ती नाही, तिथे माझं मत तेच राहील. असाटीगला मात्र पूल आहे, रस्ता आहे, तंबू आहेत. तिथे हात न लावणं शक्यच नाही, हे मान्य करतो. मेरीलँडच्या 'चिप' नावाच्या घोड्याचं वाचलं: लोकांच्या खाण्याची इतकी चटक लागली की तंबूंवर, माणसांवर चाल करायला लागला आणि २०२२मध्ये त्याला कायमचं टेक्सासच्या एका अभयारण्यात हलवावं लागलं. त्याला ना लशीने वाचवलं, ना धोरणाने.

खारेवारे

चिप आम्ही पाहिला होता. २०२१ला, आमच्या शेजारच्या तंबूतला ब्रेडचा पुडा उचलताना. सगळे हसत होते, आम्हीही हसलो. पुढच्या वर्षी तो नव्हता. तेव्हापासून आम्ही खाणं गाडीत कुलपात ठेवतो आणि घोडा दिसला की एक बस मावेल एवढं अंतर सोडून उभं राहतो. उद्यानाचा नियमही तेवढाच आहे, चाळीस फूट.

डॉक्टर, घोडीच्या अंगाचं मी मुद्दाम सोडलं नाही, मला उत्तर सुचलं नाही. एक विचारते. ऑक्टोबरपर्यंत पाजू दिलं आणि त्या घोडीला एक वर्षाआड लस दिली, म्हणजे पोटात एक आणि थानाला एक असं होणारच नाही, तर?

पशुवैद्य_फलटण

तर माझी हरकत राहत नाही. घोडीला मधलं वर्ष मोकळं मिळेल, शिंगराला पुरतं दूध. शिंगरांची संख्या निम्म्याच्या आसपास येईल, म्हणजे माळरान यांचा गवताचा हिशेबही बराच जुळतो. दलाचं उत्पन्न मात्र घटेल. आणि या लशीचा परिणाम घोडीगणिक वेगळा असतो, काही घोड्या बरीच वर्षं टोचली की लस थांबवल्यावरही लवकर गाभण राहत नाहीत. वर्षाआड म्हणजे अगदी वर्षाआड, असं हमखास होणार नाही.

नॉरफोककर

उत्पन्न निम्मं झालं तर पशुवैद्याचा खर्च निम्मा होत नाही, एवढं लिहून ठेवतो. माझं मत बदललेलं नाही. पण तीन महिन्यांच्या शिंगरांना तरी ऑक्टोबरपर्यंत थांबवावं, वयाची रेघ थोडी वर सरकवावी, इतपत मी येतो. चार महिने पूर्ण झाल्याशिवाय ताबा नाही. हे सुचवायला काही हरकत नाही, त्या लोकांशी बोलता येतं.

ऑक्टोबरच्या राउंडअपला मी जाणार आहे. गर्दी नसते. तट्टं कोंडवाड्यात जवळून बघता येतात, आणि दलातली माणसं निवांत असतात, विचारलेलं सांगतात. येणार असाल तर कळवा, एकत्रच जाऊ.

खारेवारे

येतो. लेकीला सांगितलं, तिने लगेच वहीत तांबड्या घोडीचं चित्र काढून ठेवलंय, मागचे दोन पाय कोरे सोडून, ओळखायला. सापडली तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत: तिचं शिंगरू कुठल्या राज्यात गेलं, आणि ती पुन्हा गाभण आहे का.